घरचे वाचतात

सोमवार, ४ नोव्हेंबर

सासूबाईंनी ही वही आज माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाल्या, "रोज संध्याकाळी त्या मशीनची भीती माझ्या कानात ओतू नकोस. इथे लिही. वही घाबरत नाही." बत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली बाई, बोलून कोण जिंकणार?

तर लिहिते. मशीन म्हणजे ऑफिसातला कॉम्प्युटर, आणि त्याची भीती खरी आहे. गेल्या आठवड्यापासून तो आतून कुरकुरतोय, म्हातारा माणूस उठता-बसता कण्हतो तसा. आमचं ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांत. दारावर पाटी नाही. खालून दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज दिवसभर येतो, त्यात ही कुरकुर कुणाला ऐकू येत नाही. मला येते.

ज्या बायकांना स्वतःच्या घरात धोका आहे त्या आम्हाला लिहितात. काहींना आमच्या 'घरात' जागा मिळते. ते घर दुसऱ्या भागात आहे आणि त्याचा पत्ता फार थोड्यांना माहीत आहे. उत्तरं देतात वकीलबाई, फोन घेते चिमणी, आणि सगळ्यांच्या वर ताई. चिमणीचं खरं नाव वेगळं आहे, पण ती दिवसभर चिवचिवते म्हणून चिमणी. मी फक्त मशीन सांभाळते. मला सगळे वहिनी म्हणतात. का, कोण जाणे.

मशीन सांभाळणं म्हणजे लेबलं सांभाळणं. प्रत्येक ईमेलला आम्ही लेबल लावतो. 'चालेल' म्हणजे या पत्त्यावर उत्तर लिहिलं तरी चालेल. 'घरचे वाचतात' म्हणजे तिचे मेल दुसरं कुणीतरी उघडतंय. तिला एक अक्षरही लिहायचं नाही, ती स्वतः फोन करेपर्यंत थांबायचं. चुकीच्या बाईला उत्तर गेलं तर काय होतं, ते ताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगताना आवाज इतका साधा ठेवला होता की मी आजही प्रत्येक लेबल दोनदा वाचते.

आज चिमणी रजेवर गेली. तिच्या आईचं ऑपरेशन आहे. निघताना एका हातात पिशवी, एका हातात फोन, दारातूनच ओरडली, "वहिनी, त्या शिवणवालीचं मी मशीनवर करून ठेवलंय हं!" मी मान हलवली. तिचं काम ती करूनच जाते, त्यात मला सांगण्यासारखं काय होतं कळलं नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

झालं. ज्याला भ्याले तेच पुढे आलं.

सकाळी मशीन चालू केलं तर नुसता काळा पडदा आणि आतून टक्‌ टक्‌. नखाने काच वाजवावी तसं. बंद केलं, चालू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कसंबसं उठलं. मेल होते. एकूण एक होते, कारण ते साध्या फाइली म्हणून दुसऱ्या डिस्कवरही उतरतात. पण लेबलं गेली होती.

आमच्याकडे ती मेलच्या आत नसतात. ती एका वेगळ्या कोठारात असतात, आणि कोठारच बसलं होतं. प्रोग्रामने मेल नव्याने मोजून घेतले आणि सगळ्यांवर एकच लेबल मारलं : 'नवीन'. गेल्या चार वर्षांतल्या सगळ्या बायका एका रांगेत, एकसारख्या. कोणाला लिहिलं तर चालेल आणि कोणाला लिहिलं तर ती रात्र तिला जड जाईल, काही कळायला मार्ग नाही.

मी वकीलबाईंना सांगायला गेले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टायपिंग थांबवलं.

"सगळं गेलं?"

"मेल आहेत. लेबलं गेली."

"म्हणजे सगळंच गेलं," त्या म्हणाल्या.

ताई आल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाल्या, "आजपासून मी सांगेपर्यंत कुणालाही उत्तर जाणार नाही. एकालाही नाही." मग माझ्याकडे वळल्या. "लेबलांची प्रत असते ना गं?"

"असते," मी म्हटलं. असते असं आधीच्या इंजिनिअरने जाताना सांगितलं होतं. मशीन रोज आपोआप सगळी लेबलं एका साध्या फाइलमध्ये उतरवून ठेवतं. मी येऊन पाच महिने झाले, पण ती फाइल मी एकदाही उघडून पाहिलेली नाही. हे मी ताईंना बोलले नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

जीव भांड्यात पडला. नीट लिहिते.

नवी डिस्क बसवून घेतली. जुनी काढून रुमालात गुंडाळून खणात ठेवली. दुरुस्तीवाला म्हणाला, "हिला फार हलवू नका. एखाद-दोनदा चालेल, मग राम म्हणेल." म्हणून मी तिला हातच लावला नाही. तिच्यातून काही निघतंय का पाहावं असं एकदा मनात आलं, पण माझ्याच हातून ती कायमची गेली तर? तो विचार तिथेच सोडला.

लेबलांची फाइल दुसऱ्या डिस्कवर सापडली. पण तिची तारीख पाहिली. १५ ऑक्टोबर! मशीनवर जागा उरली नव्हती म्हणून त्यानंतर रोजची प्रत होतच नव्हती, आणि त्याने कुणाला सांगितलंही नव्हतं. मी ताईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीन आठवडेच ना? चार वर्षांपुढे तीन आठवडे काय. घाल."

घातली. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, परत भरण्याची आज्ञा आणि पुढे फाइलचं नाव. एंटरवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते मला माहीत नाही. वकीलबाई मागे उभ्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "दाब गं बाई, माझे पाय दुखायला लागले."

दाबलं. पडदा क्षणभर गप्प. मग 'घरचे वाचतात' शोधलं आणि एकामागून एक मेल खाली उतरत गेले. मी रडले. वकीलबाईंनी टाळ्या वाजवल्या. खालच्या डॉक्टरांनी काठीने छताला ठोकलं.

१५ तारखेनंतर आलेले मेल मात्र 'नवीन'च राहिले, कारण ते त्या फाइलमध्ये नव्हतेच. ते मी आणि वकीलबाईंनी दिवसभर बसून एकेक वाचून हाताने लावले. जिथे शंका आली तिथे 'घरचे वाचतात'. संध्याकाळपर्यंत एकही बिनलेबलाचा मेल उरला नाही. ताईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि बंदी उठवली.

मी फार वाईट काम केलं नाही असं आज वाटतंय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

वकीलबाई सकाळपासून झपाटल्यासारख्या उत्तरं देत होत्या. ताई दोन दिवस बाहेरगावी, कोर्टात. घरात एक खोली रिकामी झाली आहे, म्हणून वकीलबाईंनी 'जागा हवी' आणि 'चालेल' अशी दोन्ही लेबलं असलेल्या बायका काढल्या. पहिलंच नाव शिवणवालीचं.

तिला आम्ही शिवणवाली म्हणतो, कारण ती घरी बसून कपडे शिवते. तिचे जुने मेल मला माहीत आहेत, कारण वकीलबाई कधीकधी मोठ्याने वाचतात. "ताई आज पण तेच झाल मी मशीन खाली हात लपवला म्हणून वाचला जागा झाली तर सांगा ना". असंच सगळं, एका दमात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिने जागा मागितली होती, तेव्हा घर भरलेलं होतं.

वकीलबाईंनी लिहिलं : खोली आहे. सोमवारी सकाळी वाचनालयाच्या दारात या, आमची बाई तुम्हाला घ्यायला येईल. आमची पद्धत हीच. घराचा पत्ता आधी कधीच द्यायचा नाही.

तासाभरात उत्तर आलं. वकीलबाईंनी मला हाक मारून वाचून दाखवलं.

"आदरणीय मॅडम, आपला ईमेल मिळाला. मी येण्यास तयार आहे. परंतु माझ्या पायाला दुखापत झाल्याने मला वाचनालयापर्यंत चालता येणार नाही. मी गाडी करून थेट पोहोचेन. कृपया संपूर्ण पत्ता पाठवावा. तेथे आणखी कोण कोण राहते, तेही कळवावे."

वकीलबाईंचे डोळे भरून आले. "पाय मोडला असणार नवऱ्याने. आणि बघ, निर्णय झाला की माणसाची भाषासुद्धा कशी सरळ होते!"

"ताईंना विचारायचं का?" मी म्हटलं.

"ताईंचा फोन कोर्टात बंद असतो. ती पाय ओढत वाचनालयापर्यंत येणार का? लेबल बघ ना तू. 'चालेल' आहे."

मी पाहिलं. होतं. मीच फाइलमधून परत भरलेलं होतं.

वकीलबाईंनी घराचा पत्ता पाठवला. बाकी कोण राहतं ते मात्र लिहिलं नाही.

मला खूप बरं वाटलं. काल लेबलं आली नसती तर ही बाई तिथेच राहिली असती.

शनिवार, ९ नोव्हेंबर, दुपारी, ऑफिसात

हात थरथरतोय, अक्षर वाचता येईल की नाही माहीत नाही. ताईंना फोन झालाय, त्या निघाल्यात. त्या येईपर्यंत काहीतरी करायला हवं म्हणून लिहितेय. नाहीतर मी किंचाळेन.

सकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या. मी खुशीत होते. नाव-गाव न सांगता म्हटलं, एक बाई आहे, आधी शेंडा ना बुडखा असं लिहायची, आता सुटकेची वेळ आली तर किती नीट लिहिलं तिने, 'परंतु' काय, 'कृपया' काय.

सासूबाईंचे हात थांबले.

"किती दिवसांत सुधारली?"

"महिनाभरात."

"अगं, मी बत्तीस वर्षं निबंध तपासले. भ्यालेलं माणूस व्याकरण सुधारत नाही. मुलीचा निबंध बापाने लिहून दिला की मला पहिल्या ओळीत कळायचं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काय झालं? पांढरी का पडलीस?"

मी चपला कुठल्या घातल्या तेही पाहिलं नाही. एक माझी, एक त्यांची. आत्ता कळतंय.

रस्ताभर चिमणी कानात ओरडत होती. शिवणवालीचं मी मशीनवर करून ठेवलंय हं. काय करून ठेवलं होतं? ती सोमवारी गेली. माझी फाइल ऑक्टोबरची. नव्या मेलना आम्ही लेबलं लावली, पण जुन्याच मेलवरचं लेबल या तीन आठवड्यांत कुणी बदललं असेल तर? त्या फाइलने ते निमूटपणे मागे नेलं असणार. परत भरण्याची ती आज्ञा आधी असलेलं पुसते आणि फाइलमधलं बसवते. हे मला ठाऊक होतं. परवा एंटर दाबतानाही ठाऊक होतं. फक्त त्याचा अर्थ एखादी बाई असा होऊ शकतो, हे डोक्यात आलं नाही.

चिमणीला फोन केला. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात होती, मागे कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता.

"अगं हो वहिनी, तिने शनिवारी शेजारणीच्या फोनवरून सांगितलं ना. मोबाइल नवऱ्याने काढून घेतलाय, सगळं वाचतो, काही लिहू नका, मीच काहीतरी बघते. मी लगेच तिच्या सगळ्या मेलचं 'चालेल' काढून 'घरचे वाचतात' लावलं. का? काय झालं? वहिनी?"

मी फोन ठेवला. तिच्या आईला काल टाके घातलेत, तिला काय सांगू?

मग जुनी डिस्क रुमालातून काढली आणि जोडली. टकटकत का होईना, चालली. कोठाराची नक्कल उतरवून घेतली, ती थोडी खटपट करून उघडली, आणि तिच्यातली लेबलं फाइलमध्ये काढली. ही खरी शेवटची. मग दोन्ही फाइली शेजारी ठेवून फरक दाखवणारी आज्ञा दिली. ओळी पडद्यावर आल्या. शिवणवालीचे सगळे मेल त्यात होते. इकडे 'चालेल', तिकडे 'घरचे वाचतात'. आणखी दोन बायका होत्या. त्यांना अजून उत्तर गेलेलं नव्हतं.

परवा एवढं धाडस केलं असतं तर.

एक गोष्ट लिहून टाकते, कारण इथे खोटं लिहून काय उपयोग. ताईंना फोन करायच्या आधी मनात आलं होतं की लेबलं गुपचूप बदलावीत. पत्ता तर वकीलबाईंनी दिला, मी नाही. कुणाला कळणार होतं? मग त्या घरातली धाकटी पोर आठवली. मी पहिल्यांदा मशीन लावायला गेले होते तेव्हा तिने मला विचारलं होतं, "तू पण लपायला आलीस?"

खाली गाडी थांबली. ताईच असतील. देवा, ताईच असू देत.

रविवार, १० नोव्हेंबर

काल संध्याकाळच्या आत घर रिकामं केलं. बायकांना सवय होती, ते बघून जास्त वाईट वाटलं. कुणी 'का' म्हणून विचारलं नाही. पिशव्या जणू भरलेल्याच होत्या. ज्या मावशी तिथे स्वयंपाक करतात त्यांनी गॅस बंद केला, अर्धवट शिजलेला भात तसाच झाकला आणि म्हणाल्या, "चला." दोन गाड्यांतून त्यांना कुठे नेलं ते मी इथे लिहिणार नाही.

ताईंनी पोलिसांना कळवलं होतं. पण घर सोडून जाता येईना, कारण खरी शिवणवालीच आली तर? तोच विचार ताईंनी बोलून दाखवला आणि मग आम्ही तिघी थांबलो. ताई, वकीलबाई आणि मी. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं.  वकीलबाई रिकाम्या पलंगावर बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

त्याला सोमवार सांगितला होता. तो आज सकाळीच आला.

घंटी वाजली. एकदाच, शेजारी साखर मागायला आल्यासारखी. मी दाराच्या छिद्रातून पाहिलं. मला वाटलं होतं दांडगा, लाल डोळ्यांचा कुणी असेल. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात औषधांची पिशवी. बँकेत रांगेत पुढे उभा असता तर मी त्याला पेन मागितलं असतं.

ताईंनी दार न उघडता विचारलं, "कोण हवंय?"

"माझी मिसेस इथे आहे. तिची गोळी राहिली घरी. रक्तदाबाची आहे, चुकवून चालत नाही. फक्त देऊन जातो."

"इथे कुणी नाही. चुकीचं घर आहे."

"नाही ताई, घर बरोबर आहे." त्याचा आवाज चढला नाही. "मला भांडायचं नाही. तुम्ही चांगलं काम करता. तिला एकदा दारात आणा, मला तिचं तोंड बघू दे. मी जातो."

मी भिंतीला टेकले होते. माझे दात वाजत होते आणि तो ते ऐकेल म्हणून मी हात तोंडात धरला होता. तो गेला नाही. पायरीवर बसला असावा. पिशवीची सळसळ येत होती. मग दाराची मूठ खाली गेली. सावकाश. पुन्हा वर आली. पुन्हा खाली. घाई अजिबात नव्हती. वकीलबाईंनी माझा दंड इतका आवळला की आत्ताही तिथे चार बोटं उमटलेली आहेत.

शेवटी रस्त्यावर पोलिसांच्या गाडीचा दरवाजा वाजला. तो उठला. जाता जाता दाराला तोंड लावून, अगदी हळू म्हणाला, "ज्या मॅडमनी लिहिलं त्यांना धन्यवाद सांगा."

वकीलबाई खाली बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या.

खाली पोलीसबाई त्याच्याशी बोलत होत्या. तो त्यांना औषधाची चिठ्ठी दाखवत होता. थोड्या वेळाने त्या वर आल्या. म्हणाल्या, "दार वाजवलं, गोळ्या आणल्या, यावर आज कोणतं कलम लावू? नाव-पत्ता घेतलाय, समज दिलीये. जबाब द्या, नोंद करते." ताईंनी जबाब दिला. तो चालत गेला. कोपऱ्यावर वळताना त्याने घराकडे मान वर करून पाहिलं. जणू खिडक्या मोजत होता.

मग ताई एकदम म्हणाल्या, "अगं, तो तिला मागत होता."

"हो ना," मी म्हटलं.

"म्हणजे ती त्याच्याकडे नाही! ती निघून गेलीये, आणि आपल्याकडेच आली असं त्याला वाटतंय!"

क्षणभर आम्हाला हसू आलं. मग ताई बोटांवर मोजू लागल्या. त्याच्याकडे नाही, आमच्याकडे नाही, फोन नाही, आणि तो तिला शोधतोय. मग ती आहे कुठे?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काही बातमी नाही.

आज खरी फाइल भरली. या वेळी आधीचं न पुसता फक्त भर घालणारी आज्ञा दिली, कारण गुरुवारपासून हाताने लावलेली लेबलं जायला नको होती. त्याचा परिणाम असा की त्या तीन बायकांच्या मेलवर 'चालेल' आणि 'घरचे वाचतात' ही दोन्ही लेबलं शेजारी शेजारी आली.  मशीनला त्यात काही वावगं वाटत नाही. एकेक 'चालेल' हाताने काढलं. काढलं, वकीलबाईंना दाखवलं, ताईंना दाखवलं, पुन्हा पाहिलं.

मग ताईंच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"शुद्धलेखन सासूबाईंनी तपासलं का?"

"ताई, मी चेष्टा करत नाहीये."

"मी पण नाही. तू गेलीस तर जो कोणी येईल तो एंटर दाबताना घाबरणार नाही. मला घाबरणारं माणूस हवंय तिथे." कागद त्यांनी मला परत दिला. "आणि दोष वाटून घ्यायचा असेल तर मला रांगेत पुढे उभं कर. बंदी मी उठवली."

मला त्यांचं म्हणणं पटलं नाही. पण कागद घेतला.

घरी सासूबाईंनी न विचारता ताट वाढलं. जेवले नाही. त्याही जेवल्या नाहीत.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

घंटी वाजली की आता मी लगेच दार उघडत नाही. आज गॅसवाला होता. मी दार उघडायच्या आधी त्याला नाव, एजन्सी, सिलिंडर कुणाच्या नावावर, सगळं विचारलं. तो म्हणाला, "बाई, गॅस हवाय की मुलगी द्यायचीय?" सासूबाई हसून हसून दमल्या. मीही हसले, आणि मग दाराला कडी लावली. दोनदा.

ऑफिसात वकीलबाई आल्या नाहीत.

सोमवार, १८ नोव्हेंबर

वकीलबाई आल्या. खुर्चीत बसल्या, पहिला मेल उघडला आणि मला हाक मारली. "वहिनी, हिचं लेबल माझ्याबरोबर बघ." मी पाहिलं. मग दुसरा. मग तिसरा. दिवसभरात फार थोडी उत्तरं गेली. 

गुरुवार, २१ नोव्हेंबर

चिमणी अजून रजेवरच आहे. ताई नव्या जागेच्या कामाला गेल्या होत्या, वकीलबाई खाली दाढ दाखवायला. मी एकटी होते आणि फोन वाजला. फोन मी कधीच घेत नाही. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. घेतला.

"चिवचिव करते ती ताई आहे का?"

"ती रजेवर आहे. मी... मी इथलीच. कोण बोलतंय?"

"मी कपडे शिवते ती."

मी उठून उभी राहिले. "ठीक आहेस ना? पाय कसा आहे?"

"पायाला काय झालंय?"

मी 'काही नाही' म्हटलं. पाय कधी दुखावलाच नव्हता. आमच्या चिमणीशी बोलून झाल्यावर ती तशीच शेजारणीच्या मागच्या दाराने निघाली होती. अंगावरच्या कपड्यांनिशी. मशीन मागे राहिलं त्याचं तिला वाईट वाटत होतं. आता कुणाकडे तरी आहे, काम मिळालंय, एवढंच ती म्हणाली. मग आवाज खाली आला.

"तो आला होता का तिकडे?"

खोटं बोलावं असं वाटलं. इतक्या लांब, कुठेतरी पहिल्यांदा निवांत बसलेली बाई, तिला कशाला? पण ती विचारत होती, कारण तिला पुढचं ठरवायचं होतं.

"आला होता. आमच्याच चुकीने. तुझ्या पत्त्यावर आमचं उत्तर गेलं आणि त्याने ते वाचलं."

 पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. एक नाही, खूप मशीनं.

"तुम्हाला काही केलं का त्यानं?"

आम्हाला. तिने आमची चौकशी केली. 

"नाही गं. दार बंद होतं."

"मूठ खालीवर करत बसला असेल."

"हो."

"तसाच करतो," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे आता त्याला कळलं मी तुमच्याकडे नाही. आता दुसरीकडे शोधेल."

 'दुसरीकडे' म्हणजे ती आहे तिथेही तो कधीतरी पोहोचू शकतो, हे दोघींनाही कळत होतं.

"तुम्हाला आमच्याकडे यायचं असेल तर जागा आहे," मी म्हटलं. कुठून कोण जाणे, 'तुम्ही' आलं तोंडात. "नवीन जागा आहे. तो पत्ता कुणालाच..."

"नको ताई. आता कुणालाच ठाऊक नसलेलं बरं. ठेवते, हा फोन दुसऱ्याचा आहे."

ठेवला.

नंबर फोनच्या छोट्या पडद्यावर तसाच दिसत होता. नियमाप्रमाणे तो टिपून घ्यायचा, मशीनवर तिच्या नावासमोर लिहायचा, लेबल लावायचं. म्हणजे संध्याकाळी त्याची प्रत झाली असती, आणि उद्या प्रतीची प्रत. मी पेन उचललंही. मग खालच्या दवाखान्यात कुणीतरी कळवळून ओरडलं, बहुतेक वकीलबाईच, आणि मी भानावर आले.

नजर दुसरीकडे ठेवून बटण दाबलं आणि तो पडद्यावरून घालवला. आलेल्या फोनांच्या यादीतूनही तो काढायला घेतला. यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं? परत मिळणार नाही.

पाच महिन्यांत पहिल्यांदा माझं बोट थरथरलं नाही.